नाव सारखं, माणूस तोच का?

आज थोडा इतिहास. कोनिग्सबर्ग शहरात सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळं फिरता येईल का? ऑयलरनं 1736 च्या निबंधात जमिनीच्या चार तुकड्यांना किती पूल येतात ते मोजलं: 5, 3, 3, 3. सगळे आकडे विषम, म्हणून अशक्य! बिंदू आणि रेषांचं शास्त्र इथून सुरू झालं.

2016 ला हेच पत्रकारांच्या कामी आलं. पनामा पेपर्सची 1 कोटी 15 लाख कागदपत्रं! त्यातली माणसं, कंपन्या, पत्ते असे बिंदू निओफोरजे डेटाबेसमध्ये जोडले गेले. त्याच्या सायफर भाषेत बिंदूंसाठी तयार फंक्शन्स आहेत. ‘लेबल्स’ सांगतं माणूस की कंपनी, ‘प्रॉपर्टीज’ नोंदलेली माहिती देतं, ‘आयडी’ बिंदूचा क्रमांक.

खरी मेख इथंच आहे. नाव एकच, पण क्रमांक दोन असू शकतात. ती माणसं दोन की एकच, हे फंक्शन सांगत नाही. पत्ता, तारीख, सही ताडून बातमीदारानंच ठरवायचं.

मी एकदा ताडलं नाही. नावावरून भलत्याच माणसाला बातमीत ओढलं. दुसऱ्या दिवशी खुलासा छापला, पण त्यांच्या घरी जाऊन माफी मागताना मान वर होईना.

म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर नावांची यादी आली, की पुढे ढकलण्याआधी एवढंच विचारा: हा तोच का?