गुजरी : वाटेवर भरलेला शब्द

कोल्हापुरात सोने घ्यायचे म्हणजे गुजरीत जायचे. अंबाबाईच्या देवळालगतच्या या सराफी गल्लीचे नाव इतके अंगवळणी पडले आहे की त्याचा अर्थ सहसा कोणी विचारत नाही. २०२५ च्या मे महिन्यात मंदिर परिसराच्या सुमारे १,४४५ कोटींच्या विकास आराखड्याला राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि भूसंपादन, पुनर्वसन, रुंदीकरण, गाळे हे शब्द महाद्वार रोडवर पुन्हा रोजच्या बोलण्यात आले. एवढी उलथापालथ घाटत असताना तिथल्या जुन्या शब्दाचीही विचारपूस व्हायला हवी.

पहिली वाट अगदी समोर दिसते. संस्कृत गुर्जर, प्राकृतात गुज्जर, मराठीत गुजर. 'गुजर-मारवाडी' या जोडशब्दात तो व्यापाऱ्याचा वाचकच झाला आहे. तेव्हा गुजरांची पेठ ती गुजरी, असे म्हणून मोकळे व्हावेसे वाटते. त्यात हिंदीत मनगटातल्या एका दागिन्यालाही 'गुजरी' म्हणतात, म्हणजे सराफकट्ट्याशी नाते जुळायला आणखी एक दुवा. पण ही व्युत्पत्ती घेऊन विदर्भात शिरले की पाय अडखळतो. तिकडे गुजरी म्हणजे भाजीबाजार. पोत्यावर मांडलेली वांगी, मेथी, सांभाराच्या जुड्या आणि संध्याकाळी घरी परतणारी माणसे, ही तिथली गुजरी. दागिन्याचा संबंध नाही, गुजरांचाही असलाच तर योगायोगाचा. पुढे खुद्द अहमदाबादेत साबरमतीच्या काठी दर रविवारी जुन्यापान्या वस्तूंचा बाजार भरतो, त्याचेही नाव गुजरीच. गुजरातेतल्याच एका बाजाराला गुजरांचा म्हणून वेगळे ओळखण्याचे कारण काय असावे?

म्हणून दुसरी वाट धरावी लागते, ती फारसीकडे जाते. 'गुजर' म्हणजे जाणे-येणे, वाट, नदीचा उतार. 'गुजश्तन' म्हणजे ओलांडणे, सरणे. रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या भरवशावर मांडलेला बाजार ती गुजरी, हा अर्थ विदर्भाला, अहमदाबादेला आणि कोल्हापूरलाही लागू पडतो. या धातूचे गोत मराठीत मोठे आहे. प्रसंग 'गुजरतो', माणूस 'गुजराण' करतो, सरलेले साल 'गुदस्ता' होते. पेशवाईच्या कागदांत 'गुजारत अमुक' असे येते, म्हणजे अमुकच्या हस्ते, त्याच्यामार्फत. जे हातून जाते आणि जे वाटेवरून जाते, ते एकाच धातूने सांगितले आहे. बुखाऱ्यात तर 'गुजर' म्हणजे शहरातला मोहल्ला. वाटेचे नाव वस्तीला लागले, तसे आपल्याकडे ते बाजाराला लागले असावे.

आता शेजारचे शब्द पाहावेत. 'मंडई'चा माग संस्कृत 'मण्डपिके'पर्यंत जातो. जुन्या शिलालेखांत ती जकात घेण्याची जागा आहे, म्हणजे तिच्या मुळाशी छप्पर आणि अंमल दोन्ही दिसतात. 'पेठ' कन्नडच्या 'पेटे'ची आणि तमिळच्या 'पेट्टै'ची सख्खी दिसते. तिच्यातला ठकार मराठीच्या पदरचा असावा. कोलंबोची 'पेट्टा' याच कुळातली, कोटाबाहेरची बाजारवस्ती. पेठ कोणीतरी वसवते. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली तेव्हा तिला संस्कृत 'पुरी' जोडली. त्या प्रत्ययात आखणी आहे, राजाज्ञा आहे. गुजरी मात्र कोणी वसवत नाही, ती भरते. क्रियापदांतला हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

देवीला येणाऱ्यांच्या पावलांवर कोल्हापूरची गुजरीही अशीच भरत गेली असावी. आज तिथे काचेमागे साज आणि ठुशी मांडलेली दिसते, जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या आहेत, पण नावात चालत्या पायांची आठवण आहे. सराफी गल्लीतले झारेकरी पाहिले आहेत ना? दुकानांपुढची धूळ झाडून, ती पाटीत पाण्याने हलवत, सोन्याचा कण तळाशी बसेपर्यंत धुणारी ही माणसे. रस्त्यावरची धूळसुद्धा जिथे व्यापारात मोजली जाते, तिथे रस्ता कुठे संपतो आणि दुकान कुठे सुरू होते हे कोणी आखावे?

नव्या बांधकामांत सतत ऐकू येणारा 'गाळा'ही इथे तपासण्यासारखा आहे. गाळा म्हणजे मुळात दोन खांबांमधले अंतर, मोकळी जागा. दोन डोंगरांमधल्या सांदीलाही गाळा म्हणत. पुढे ती मोकळीक भिंतींनी बंद झाली, तिला शटर लागले, पागडी ठरली. 'विकास' मात्र संस्कृतात उमलणे आहे, कमळाचे किंवा डोळ्यांचे. जे बंद होते ते उघडणे असा त्याचा अर्थ असताना, विकासातून मिळणारा गाळा बंदिस्त असावा आणि गर्दीच्या वाटेपासून दूर, वरच्या मजल्यावर असावा, हे शब्दाच्या आणि व्यवहाराच्याही विरुद्ध जाते.

अहमदाबादेत नदीकाठाच्या प्रकल्पात गुजरी हलली आणि २०१४ मध्ये आखीव ओट्यांवर पुन्हा सुरू झाली. नाव टिकले, कारण लोक तिथवर चालत येत राहिले. कोल्हापूरच्या आराखड्यावर काम करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. भाविकांसाठी मोकळी वाट हवी, यात शंका नाही. पण वाट आणि बाजार हे परस्परांचे अडथळे नव्हेत, एकाच 'गुजर'ची ती दोन रूपे आहेत. नव्या नकाशावर गुजरी हे नाव ठळक लिहावे आणि तिचे गाळे जमिनीवर, चालणाऱ्याच्या हाताच्या अंतरावर असावेत. तेवढे साधले तर नव्या इमारतींतही ती गुजरीच राहील. नाही तर ते एक व्यापारी संकुल होईल, आणि अशी संकुले कुठल्याही गावात मिळतात.