दोन कुलिन, दोन करारपत्रे

‘कुलीन’ म्हणताच मराठी वाचकाच्या मनात घराण्याची प्रतिष्ठा उभी राहते. याच ध्वनीची दोन नावे दूरदेशीच्या इतिहासात आढळतात. पहिले, बोस्नियाचा बान म्हणजे शासक कुलिन याचे. त्याच्या वंशाला कुलिनिच म्हणतात. दुसरे, ऑस्ट्रेलियातील मेलबर्न परिसराच्या आदिवासी भाषासमूहाचे. तेथे ‘कुलिन’ म्हणजे माणूस. हे साम्य निव्वळ योगायोगाचे. तथापि दोहोंच्या इतिहासात एकेक करारपत्र आहे आणि ती शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत.

२९ ऑगस्ट ११८९ रोजी बान कुलिनने दुब्रोव्निकच्या व्यापाऱ्यांना आपल्या राज्यात करमुक्त व्यापाराचे अभय दिले. मजकूर लॅटिनसह देशभाषेतही, सिरिलिक लिपीत लिहिला गेला. त्या भाषेच्या प्राचीनतम लेखांत आज त्याची गणना होते.

जून १८३५ मध्ये जॉन बॅटमनने ब्लँकेटे, कुऱ्हाडी, पीठ अशा वस्तू देऊन कुलिन वडीलधाऱ्यांकडून सुमारे ६ लाख एकर भूमीचा दस्त करून घेतला. तो होता इंग्रजीत. देणाऱ्यांना ती भाषा अपरिचित आणि भूमीची विक्री ही कल्पनाही परकी. ऑगस्टमध्ये गव्हर्नर बर्क यांनी तो रद्द केला, कारण भूमी ब्रिटिश राजसत्तेची मानली गेली. मूळ रहिवाशांना ती परत मिळाली नाही. पुढे वोइवुरुंग आदी कुलिन भाषा नित्य व्यवहारातून लोपल्या. आज वंशज जुन्या शब्दनोंदींवरून त्या पुन्हा शिकत आहेत.

दस्त कोणाच्या भाषेत लिहिला जातो, यावरच त्यात कोणाचा शब्द उरतो हे ठरते.