कागदावरचे नगर आणि त्यात आलेली माणसे

एखादी वस्ती बकाल झाली की आपण सहज विचारतो, "तिथे राहायला आले तरी कोण?" उत्तर बहुधा ठरलेले असते. बाहेरची माणसे आली आणि वस्ती बिघडली. इतिहास शिकवताना आपण मुलांना कार्यकारणभाव शोधायला सांगतो. त्याच कसोटीवर हे उत्तर तपासले तर काय दिसते? त्यासाठी आपण हॉलंडमधील अ‍ॅमस्टरडॅम शहराच्या आग्नेयेला वसवलेल्या बाइल्मरमेर या उपनगराचा इतिहास पाहू. युद्धोत्तर काळात युरोपात योजनापूर्वक वसवलेल्या नगरांपैकी इतका गाजलेला आणि इतकी टीका झालेला प्रयोग दुसरा क्वचितच असेल.

मधमाशांचे पोळे

दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमधील बांधकाम जवळजवळ थांबले होते. पुष्कळ घरे पडली होती. युद्ध संपल्यावर लोकसंख्या झपाट्याने वाढली. घरटंचाई इतकी तीव्र होती की राजकारणी तिला देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू म्हणत. अ‍ॅमस्टरडॅमच्या जुन्या भागातील घरे अरुंद, दमट आणि अंधारी होती. तेथील कुटुंबांना हवा, ऊन आणि हिरवळ मिळावी म्हणून नगरपालिकेने एका सखल पाणथळ प्रदेशात नवे नगर उभारायचे ठरवले. हा प्रदेश म्हणजे एके काळचे तळे. बांध घालून आणि पाणी उपसून ती जमीन मिळवलेली होती.

आराखडा तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख होते वास्तुरचनाकार सीगफ्रीड नासुट. त्यांच्यावर ल कॉर्ब्युझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या विचारांचा प्रभाव होता. राहणे, काम करणे, विरंगुळा आणि वाहतूक ही शहराची चार कार्ये; त्यांच्या जागा एकमेकींपासून अलग असाव्यात, असा तो विचार. आपले चंडीगडही याच विचारधारेतून आकाराला आले.

बाइल्मरमेरमध्ये हा विचार टोकापर्यंत नेला गेला. प्रत्येकी साधारण दहा मजल्यांच्या ३१ अजस्र इमारती आणि त्यांत सुमारे १३,००० सदनिका. एकेका इमारतीत तीनशे ते पाचशे कुटुंबांची सोय. इमारती षट्कोनाच्या बाजूंसारख्या वळत गेलेल्या, त्यामुळे विमानातून पाहिले तर मधमाशांचे पोळे पसरल्यासारखे वाटे. मोटारींचे रस्ते खांबांवर उचललेले; खाली जमिनीवर फक्त पादचारी, सायकली, झाडे आणि पाणी. मोटारींसाठी वेगळ्या बहुमजली पार्किंगच्या इमारती. सदनिका प्रशस्त होत्या. प्रत्येक घरात मध्यवर्ती उष्णतेची व्यवस्था होती. जुन्या शहरातील कामगाराला ती चैनच वाटली असती. नोव्हेंबर १९६८ मध्ये पहिला रहिवासी येथे राहायला आला.

रिकाम्या सदनिका

हे नगर ज्यांच्यासाठी बांधले ते मध्यमवर्गीय डच कुटुंब मात्र पुरेशा संख्येने आलेच नाही. याची कारणे नीट पाहायला हवीत.

पहिले कारण पैशाचे. बांधकामाचा खर्च वाढत गेला, तशी भाडी वाढली. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी काटछाट झाली ती सामाईक सोयींमध्ये. दुसरे कारण दळणवळणाचे. शहराशी जोडणारी मेट्रो १९७७ मध्ये सुरू झाली, म्हणजे पहिला रहिवासी आल्यानंतर नऊ वर्षांनी. दुकानांचे मोठे केंद्र तर १९८० च्या दशकात उभे राहिले. तिसरे कारण सर्वात महत्त्वाचे. त्याच सुमारास आसपासच्या गावांत आणि समुद्र हटवून वसवलेल्या आल्मेरसारख्या नव्या नगरांत परसबाग असलेली छोटी, बैठी घरे मिळू लागली. उंच सदनिका आणि स्वतःची बाग यांत निवड करायची वेळ आल्यावर लहान मुले असलेल्या कुटुंबांनी बागच निवडली.

थोडक्यात, सदनिका रिकाम्या राहू लागल्या त्या योजनेच्या आणि बाजाराच्या कारणांनी. स्थलांतरितांचा मोठा लोंढा त्यानंतर आला.

सुरिनामहून

दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम ही डचांची वसाहत होती. तिला २५ नोव्हेंबर १९७५ रोजी स्वातंत्र्य मिळाले. तेथील लोकांकडे तोवर डच नागरिकत्व होते. स्वातंत्र्यानंतर आपले काय होईल या चिंतेने या वर्षांच्या आसपास सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या हॉलंडला निघून गेली.

येथे आपल्या ओळखीचा एक धागा सापडतो. सुरिनाममधील गुलामगिरी १ जुलै १८६३ रोजी कायद्याने संपली, पण मुक्त झालेल्या गुलामांना आणखी दहा वर्षे सरकारी देखरेखीखाली मळ्यांवर राबावे लागले. ती मुदत संपत आली तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणायला सुरुवात केली. 'लल्ला रूख' हे पहिले जहाज कलकत्त्याहून निघून जून १८७३ मध्ये तेथे पोहोचले. १९१६ पर्यंत सुमारे ३४,००० गिरमिटिये गेले. त्यांतले बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधले. त्यांचे वंशज हॉलंडला आल्यावर मोठ्या संख्येने हेग शहरात स्थिरावले. बाइल्मरमेरमध्ये आले ते मुख्यतः आफ्रिकी वंशाचे सुरिनामी.

त्यांना घर कुठे मिळणार होते? घरमालक आणि गृहसंस्था त्यांना टाळत. रॉटरडॅममध्ये १९७२ च्या दंगलीनंतर कोणत्याही विभागात परकीयांचे प्रमाण ५ टक्क्यांहून अधिक नको, असा ठराव नगरपालिकेने केला होता. तो पुढे वरिष्ठ पातळीवर रद्द झाला. इकडे बाइल्मरमेरमध्ये शेकडो सदनिका रिकाम्या पडलेल्या होत्या. १९७४ मध्ये सुरिनामी कुटुंबांनी ग्लिपहूव्ह नावाच्या इमारतीतील रिकाम्या सदनिकांचा ताबाच घेतला. ज्यांना कुणी घर देत नव्हते ते, ज्या घरांना भाडेकरू मिळत नव्हते तेथे आले.

नकाशात नसलेल्या जागा

पुढील दहा वर्षांत वस्तीची दशा खालावली, हे खरे आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यास सुमारे एक चतुर्थांश सदनिका रिकाम्या होत्या. बेकारी वाढली होती. भाडे परवडत नसल्याने एकेका घरात अधिक माणसे दाटीने राहत. शहराच्या मध्यभागातून पोलिसांनी हुसकावलेला अमली पदार्थांचा व्यापारही इकडे सरकला. खांबांवरच्या रस्त्यांखालचे कोपरे आणि लांबच लांब बोळ रात्री धोक्याचे झाले. हे पाहून उरलेली काही डच कुटुंबेही निघून गेली. म्हणजे परिणाम पुढे स्वतःच कारण बनला. असे चक्र फिरू लागले की सुरुवात कुठे झाली याचा विसर पडतो आणि जो समोर दिसतो त्याच्यावर दोष येतो.

मात्र याच काळात या माणसांनी वेगळेही काही घडवले. नासुट यांच्या आराखड्यात हिरवळ होती, पण त्या हिरवळीवर लोकांनी काय करावे याची कल्पना अस्पष्ट होती. १९७५ मध्ये सुरिनामी तरुणांनी उन्हाळी सुटीत फुटबॉलचे सामने भरवले. त्यातून खाद्यपदार्थ, संगीत आणि वादविवाद यांचा 'क्वाकू' हा मोठा वार्षिक उत्सव वाढला. क्वाकू म्हणजे बुधवारी जन्मलेला; गुलामगिरी संपली तो दिवस बुधवार होता. १९८० च्या दशकात घानामधून लोक आले. त्यांना प्रार्थनेसाठी जागा हव्या होत्या, पण आराखड्यात त्यांच्यासाठी एकही चर्च नव्हते. त्यांनी ओस पडलेल्या पार्किंगच्या इमारतींत चर्चे थाटली. जागांची कार्ये काटेकोरपणे अलग करणाऱ्या योजनेला रहिवाशांनी दिलेले हे उत्तर म्हणावे लागेल.

४ ऑक्टोबर १९९२

त्या रविवारी संध्याकाळी इस्रायलच्या एल अल कंपनीचे मालवाहू बोइंग ७४७ विमान ख्रूनव्हेन आणि क्लाइन-क्राउटबेर्ख या इमारतींवर कोसळले. प्रथम दोनशेहून अधिक बळी गेल्याची भीती होती. अखेर अधिकृत आकडा ४३ ठरला. त्यांत विमानातील चौघे होते. आकड्यात एवढी तफावत पडण्याचे एक कारण असे की, त्या घरांत नेमके कोण राहत होते हे नगरपालिकेच्या दप्तरात पूर्णपणे नोंदलेले नव्हते. घराघराची मोजणी करून वसवलेल्या नगराला आपली माणसे मोजता आली नाहीत. वास्तव्याचा पुरावा देऊ शकलेल्या कागदपत्रहीन आपद्ग्रस्तांना पुढे देशात राहण्याची परवानगी मिळाली. अपघातातून वाचलेल्या एका झाडाभोवती आज स्मारक आहे आणि दरवर्षी तेथे लोक जमतात.

दुरुस्ती कुणाची?

नूतनीकरणाची योजना अपघाताआधीच आकार घेत होती. १९९२ पासून पुढची दोन दशके ते काम चालले. सुमारे निम्म्या उंच सदनिका पाडून त्या जागी कमी उंचीची घरे बांधली गेली. उचललेले रस्ते बऱ्याच ठिकाणी जमिनीवर आणले गेले. मात्र निर्णय घेणारे बहुतेक गोरे, आणि ज्यांची घरे पाडायची ते बहुतेक कृष्णवर्णीय. १९९६ मध्ये कृष्णवर्णीय रहिवाशांनी 'झ्वार्ट बेराड' हा गट स्थापून या निर्णयांत वाटा मागितला. नगर कुणासाठी, हा १९६० च्या दशकात न विचारलेला प्रश्न आता रहिवासी स्वतः विचारत होते.

क्लायबुर्ख नावाची पाचशे सदनिकांची एक इमारत पाडण्याऐवजी नाममात्र किमतीला विकली गेली. मूळ ढाचा दुरुस्त करून आतली रचना घर घेणाऱ्यांवर सोपवण्यात आली. या कामाला २०१७ मध्ये युरोपातील मानाचा मीस व्हान डर रोह पुरस्कार मिळाला. ज्या इमारती माणसांना राहण्यास अयोग्य ठरवल्या गेल्या होत्या, त्यांतलीच ही एक होती, हे विसरू नये.

वर्गात हा विषय घेताना शिक्षकांना एक साधा उपक्रम करता येईल. मुलांना १९६८, १९७४, १९७५, १९७७ आणि १९९२ या वर्षांची कालरेषा काढायला सांगावी आणि प्रत्येक घटनेपुढे 'यामुळे पुढे काय झाले' हे लिहायला लावावे. मग आपल्या परिसरातील एखादी योजनापूर्वक बांधलेली वसाहत निवडावी. गिरणीची चाळ, धरणग्रस्तांचे नवे गाव किंवा सिडकोचे एखादे उपनगरही चालेल. ती कुणासाठी बांधली होती, तेथे प्रत्यक्षात कोण राहते, आणि कोणती जागा ठरल्यापेक्षा वेगळ्या कामासाठी वापरली जाते, हे मुलांनी रहिवाशांना विचारून नोंदवावे. आधी काय घडले आणि नंतर काय, याचा शोध घेण्याची सवय लागली, तर वस्ती बिघडल्याचे खापर शेवटी आलेल्या माणसावर फोडण्याआधी ही मुले थोडा विचार करतील.