लोबान ते बेन्झीन

"बेन्झीनमध्ये तीन दुहेरी बंध आहेत, मग ब्रोमीनचा रंग का जात नाही?" सेंद्रिय रसायनशास्त्र शिकणारी मुलं हे हमखास विचारतात. मी भाषेचा शिक्षक, म्हणून आधी नावाकडे बघतो.

दर्ग्यातला लोबान आपल्या ओळखीचा. सुमात्राकडून येणाऱ्या एका सुगंधी राळेला अरब व्यापारी 'लुबान जावी', म्हणजे जावाचा लोबान, म्हणत. युरोपात सुरुवातीचा 'लु' गळाला आणि उरलेल्या शब्दाचं 'बेन्झॉइन' झालं. या राळेतून मिळालं ते बेन्झोइक आम्ल.

१८२५ मध्ये लंडनला मायकेल फॅरेडे यांनी दिव्यांसाठीच्या तेलवायूपासून साचणाऱ्या द्रवातून एक नवा हायड्रोकार्बन वेगळा केला. काही वर्षांनी जर्मनीत मिट्शरलिख यांनी बेन्झोइक आम्ल चुन्याबरोबर तापवून तोच पदार्थ मिळवला. 'बेन्झीन' हे नाव या आम्लावरून पडलं.

आता रचना. १८६५ मध्ये केकुले यांनी सहा कार्बनचं वलय सुचवलं. त्यात एकाआड एक दुहेरी बंध मानले, तर ब्रोमीनची समावेशन अभिक्रिया सहज व्हायला हवी. ती होत नाही. लोखंडासारखा उत्प्रेरक घातला, की हायड्रोजनच्या जागी ब्रोमीन बसतं, म्हणजे प्रतियोजन होतं. वलय शाबूत राहतं. कारण त्या तीन बंधांचे इलेक्ट्रॉन सहाही कार्बनमध्ये वाटलेले असतात. एकेरी बंधाची लांबी साधारण १५४ पिकोमीटर, दुहेरीची १३४. बेन्झीनचे सहाही बंध १३९ चे. वेगळा असा दुहेरी बंध तिथे नाहीच. पुस्तकातल्या तीन रेघा ही केवळ लिहिण्याची सोय. हे वलय सपाट असल्याचा पुरावा १९२९ मध्ये कॅथलीन लॉन्सडेल यांनी क्ष-किरणांनी दिला.

आपल्याकडे दोन सूर ऐकू येतात: "हे शास्त्र आपलं नाही" आणि "सगळं आपल्याकडूनच गेलं". दोन्ही मुलांचं नुकसान करतात. अरबी नाव व्यापाराची साक्ष देतं, शोधाची नव्हे. फॅरेडे पुस्तकबांधणीच्या दुकानातले उमेदवार होते. लॉन्सडेल १९४५ मध्ये रॉयल सोसायटीत निवडल्या गेलेल्या पहिल्या दोन स्त्रियांपैकी एक. दोघांसाठीही प्रयोगशाळेचं दार आधीपासून उघडं नव्हतं. आपल्या मुलामुलींना सांगायचंच असेल, तर लोबानाच्या गोष्टीसोबत हेही सांगावं.