परंडा : सरहद्दीवरील लोकजीवन

परंडा (परांडा, परंडे). महाराष्ट्र राज्याच्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व इतिहासप्रसिद्ध भुईकोट किल्ला. हे बार्शीच्या पश्चिमेस व कुर्डुवाडीच्या उत्तरेस, दोन्हींपासून सु. २५ किमी. अंतरावर, सीना नदीच्या खोऱ्यात वसले आहे. सोळाव्या शतकापासून १९४८ पर्यंत हा मुलूख बहुतेक काळ कोणत्या ना कोणत्या दोन सत्तांच्या सरहद्दीवर राहिला. निजामशाही व आदिलशाही, दक्षिणी सुलतान व मोगल, निजाम व मराठे आणि अखेरीस हैदराबाद संस्थान व मुंबई इलाखा, असे या सरहद्दीचे धनी बदलत गेले. किल्ल्याची बांधणी, त्याचे वेढे व तोफा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने सरहद्दीवर राहून शेती, गुरे व बाजार यांवर पोट भरणाऱ्या रयतेकडे कमी लक्ष गेले. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या रयतेच्या चरितार्थाचा आणि त्यावर संघर्षकाळात झालेल्या परिणामांचा विचार केला आहे.

प्रदेश व सीमा : परंडा तालुका बालाघाटच्या पठाराखाली पसरलेला आहे. पश्चिमेस सीना नदी असून तिच्या पलीकडे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुका आहे. दक्षिणेस माढा व पूर्वेस बार्शी हेही त्याच जिल्ह्यातील तालुके, वायव्येस अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड आणि उत्तरेस भूम तालुका लागतो. म्हणजे निजामी अमलात उत्तरेकडील भूमची बाजू सोडल्यास या तालुक्याच्या बहुतेक बाजूंनी इंग्रजी मुलूख होता. परंड्याहून आपल्या जिल्ह्याच्या ठाण्यास, धाराशिवला, सरळ वाटेने जायचे तर मध्ये बार्शीचा परका मुलूख ओलांडावा लागे.

जमीन काळी असली तरी पाऊस बेभरवशाचा असल्याने रब्बी ज्वारी हेच येथील मुख्य पीक राहिले. तिच्या जोडीस करडई, हरभरा, तूर व काही भागात कापूस होई. ज्वारीच्या दाण्याने माणूस व कडब्याने जनावर जगे; त्यामुळे एक हंगाम बुडाला की दोहोंवर एकदमच संकट येई. अशा वेळी गुरे घेऊन पाण्याच्या शोधात दुसऱ्या मुलखात जाणे ही रयतेची जुनी रीत होती.

किल्ला आणि रयत : परंड्याच्या किल्ल्याची उभारणी परंपरेने बहमनी वजीर महमूद गावान याच्याकडे दिली जाते. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहास गादीवर बसवून काही काळ परंडा येथे निजामशाहीची राजधानी ठेवली. पुढील साठ वर्षांत हा किल्ला अनेकदा संघर्षाच्या केंद्रस्थानी आला. १६३० मध्ये मोगल सेनापती आझमखान याने त्यास वेढा घातला. परंतु त्या वर्षी दख्खनेत भीषण दुष्काळ होता. सभोवारच्या प्रदेशात दाणावैरण मिळेना, म्हणून त्याला वेढा उठवावा लागला. जेथे शाही फौजेच्या घोड्यांना गवत मिळाले नाही, तेथे कुणब्याच्या बैलांची स्थिती काय झाली असेल, याचे वर्णन बखरींत वा तवारिखांत सापडत नाही. वेढा उठवल्याच्या नोंदीवरूनच त्याचा तर्क करावा लागतो.

१६३२ मध्ये किल्ला आदिलशाहीकडे गेला व तेथील मुलूख-ए-मैदान ही अहमदनगर येथे १५४९ मध्ये ओतलेली प्रचंड तोफ विजापूरला नेण्यात आली. १६३४ मध्ये शाहजादा शुजा व महाबतखान यांचा वेढाही असफल ठरला. १६५७ च्या तहात परंडा मोगलांना देण्याचे आदिलशाहीने मान्य केले. प्रत्यक्ष ताबा मात्र १६६० मध्ये किल्लेदारास वश करून मिळवावा लागला. अठराव्या शतकात परंडा निजामाकडे आले. ११ मार्च १७९५ रोजी झालेली खर्ड्याची लढाई या परिसराच्या सीमेवरच लढली गेली. निजामअलीची फौज त्या वेळी खर्ड्याहून परंड्याच्या दिशेने जात होती.

किल्ल्यामुळे गावाला शिबंदी, कारागीर व व्यापारी यांची वस्ती लाभली आणि परंडा हा हिंदू व मुसलमान यांचा मिश्र कसबा बनला. येथील ख्वाजा बद्रोद्दीन यांचा दर्गा, समर्थ संप्रदायातील हंसराजस्वामींचा मठ, सीनाकाठच्या डोमगाव येथील कल्याणस्वामींचा मठ आणि सोनारीचे भैरवनाथ मंदिर ही या भागातील प्रमुख श्रद्धास्थाने होत. त्यांच्या उरूस-जत्रांना सरहद्दीच्या दोन्ही बाजूंचे लोक येत.

दोन राजवटी, एक बाजार : १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर शेजारचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. १८२२ च्या तहान्वये निजाम व कंपनी यांनी काही प्रदेशांची अदलाबदल केली, तरीही सीमा वेडीवाकडीच राहिली. अनेक ठिकाणी एका मुलखातील शिवार दुसऱ्यात घुसलेले होते. तत्पूर्वी करमाळ्याचे रावरंभा निंबाळकर हे निजामाचे सरदार होते; म्हणजे सीनेचे दोन्ही तीर पूर्वी एकाच छत्राखाली नांदले होते. सोयरीक, कुलदैवते, आठवडेबाजार व बलुत्याचे व्यवहार या नव्या सीमेने तोडले नाहीत.

१८५९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग बार्शी रोड (कुर्डुवाडी) येथे पोहोचला. त्यामुळे निजामी मुलखातील कापूस व गळिताची धान्ये बैलगाड्यांतून बार्शीच्या पेठेत व तेथून रेल्वेने मुंबईस जाऊ लागली. १८९७ मध्ये कुर्डुवाडी–बार्शी ही अडीच फूट रुंदीची ‘बार्शी लाइट रेल्वे’ सुरू झाली व १९११ पर्यंत ती निजामी हद्दीतील लातूरला जाऊन भिडली. परंड्याच्या शेतकऱ्यास माल विकण्यासाठी बार्शी, मुंबईची गाडी धरण्यासाठी कुर्डुवाडी आणि सरकारी कामासाठी धाराशिव अशा तीन दिशा झाल्या. पहिल्या दोन्ही इंग्रजी मुलखात होत्या.

या व्यवहाराची किंमत सरहद्दीवर मोजावी लागे. हैदराबाद संस्थानाची स्वतंत्र जकात असून तिला ‘करोडगिरी’ म्हणत. ती सामान्यतः मालाच्या किमतीच्या शेकडा पाच होती. संस्थानचे नाणे ‘हाली सिक्का’ व इंग्रजी रुपया ‘कलदार’. शंभर कलदार रुपयांस सु. ११६ रुपये १० आणे हाली पडत. बार्शीत धान्य विकून कलदार रुपये घ्यावेत आणि शेतसारा हाली रुपयांत भरावा, ही सरहद्दीवरील कुणब्याची नित्याची रीत होती. हिशेबात तो चुकला तर फायदा सराफाचा होई. नाक्यावर माल अडला की मोजणी, पावती व कारकुनाची मर्जी यांत दिवस जाई. साहजिकच आडवाटेने माल नेण्याचा प्रघात पडला. सरकारदरबारी ती चोरी होती. गावकऱ्यांच्या दृष्टीने मात्र तो जुन्या बाजाराला जाण्याचा जुना रस्ता होता.

दुष्काळातही सीमा उपयोगी पडे. १८७६–७७ च्या दुष्काळात सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील पुष्कळ लोक गुराढोरांसह निजामी मुलखात गेले. शिक्षणाच्या बाबतीत ओघ उलट होता. १८८० च्या दशकात संस्थानचा कारभार फार्सीऐवजी उर्दूत चालू लागला व वरच्या वर्गांचे शिक्षणही त्याच भाषेत होते. खाजगी शाळा व सभा यांवर परवानगीचे निर्बंध होते. त्यामुळे मराठीतून शिकू इच्छिणारी मुले बार्शी-सोलापूरकडे वळत. बार्शी येथे कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी १९३४ मध्ये उभारलेल्या शिक्षणसंस्थेचा सीमाभागातील मुलांना मोठा आधार झाला.

सरहद्द बंद होते (१९४७–४८) : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सक्तीची धान्यवसुली (लेव्ही) व प्रांताबाहेर धान्य नेण्यावरील बंदी यांमुळे सीमेवरील व्यवहार आवळले जाऊ लागले होते. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले नाही, तेव्हा ७ ऑगस्ट १९४७ पासून स्टेट काँग्रेसने स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लढा सुरू केला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी ‘जैसे थे’ करार झाला. त्यानंतर लवकरच संस्थानने भारतीय चलन आपल्या हद्दीत अवैध ठरविणारा व मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घालणारा असे दोन हुकूम काढले. राजनैतिक वाटाघाटींत त्यांची चर्चा कराराचा भंग म्हणून झाली. परंड्यासारख्या तालुक्यात त्यांचा अर्थ अधिक सरळ होता : बार्शीत ज्वारी विकून कनवटीस लावलेला रुपया घरी येईपर्यंत बाद होई.

मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेच्या रझाकार दलाचा नेता कासीम रझवी हा लातूरला वकिली करीत असे. त्यामुळे हा जिल्हा रझाकारांच्या हालचालींचे एक प्रमुख क्षेत्र बनला. लुटालूट, जाळपोळ, खंडणी व खून यांच्या भीतीने सीमेलगतची अनेक कुटुंबे बार्शी, सोलापूर व अन्य ठिकाणी नातेवाइकांकडे वा छावण्यांत गेली. बार्शी तालुक्यासह सीमेच्या भारतीय बाजूस स्टेट काँग्रेसने सशस्त्र शिबिरे उभारली. करोडगिरी नाके, पोलीस ठाणी व पाटील-पटवाऱ्यांची दप्तरे ही शिबिरांतील तरुणांच्या हल्ल्यांची लक्ष्ये असत. जुलै १९४८ मध्ये सोलापूर–बार्शी रस्त्यावरील नान्नज येथे भारतीय सैन्याच्या तुकडीवर हल्ला झाला व त्यानंतर सैन्याने ते गाव ताब्यात घेतले.

या वर्षात सामान्य खेडुतांची कोंडी दुहेरी होती. रात्री शिबिरातील मुलांना भाकरी दिली तर दिवसा रझाकारांचा जाच. न दिली तर आपल्याच माणसांचा संशय. संस्थानात मीठ, रॉकेल, औषधे यांची टंचाई निर्माण झाली. बाजाराचा रस्ता बंद झाल्याने माल घरात पडून राहिला आणि पैसा मात्र आटला. गावाबाहेर राहणारे शेतमजूर व बलुतेदार यांची अवस्था अधिक बिकट होती. कारण जमीनदारास आश्रयासाठी पलीकडे वाडा होता, मजुरास मात्र रोजच्या कामाखेरीज आधार नव्हता.

पोलीस कारवाई व तिच्यानंतर : १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने संस्थानात शिरले व त्याच दिवशी नळदुर्ग त्यांच्या हाती आला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पतकरली. हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.

रझाकारांच्या जुलमाची अखेर झाली, तरी हिंसेची झाली नाही. कारवाईच्या वेळी व तिच्यानंतर अनेक ठिकाणी मुसलमान वस्त्यांवर सूडाचे हल्ले झाले आणि रझाकारांशी काडीमात्र संबंध नसलेली कुटुंबेही त्यांत सापडली. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत दौरा केला. तिच्या अंदाजानुसार मृतांची एकूण संख्या २७ ते ४० हजार होती. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे सर्वाधिक हानी झालेले चार जिल्हे होत. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला व २०१३ च्या सुमारास अभ्यासकांना खुला झाला. काही हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांचे रक्षण केल्याचेही समितीने नोंदविले असून, एकाच धंद्यात असलेल्या विणकरांत हा बंधुभाव विशेष दिसल्याचे म्हटले आहे. मुक्तिलढ्याचे शौर्य आणि या दुसऱ्या दुःखाची आठवण दोन्ही खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही.

कारवाईचे दिवस उत्तरा नक्षत्रारंभाचे, म्हणजे रब्बी पेरणीच्या तयारीचे होते. ज्यांनी गाव सोडले होते त्यांना परतून शेत, बैल व बियाणे पुन्हा जुळवावे लागले. १९४९ मध्ये निजामाची खाजगी मालमत्ता असलेला ‘सर्फ-ए-खास’ मुलूख सरकारात विलीन झाला व जहागिरी रद्द झाल्या. १९५० च्या कुळकायद्याने कसणाऱ्यास संरक्षण दिले. पुढे करोडगिरी व हाली सिक्काही संपुष्टात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. ज्या सीमेसाठी नाके होते, ती केवळ दोन जिल्ह्यांमधील रेषा उरली.

उत्तरकाळ : सीमा गेली तरी तिने घडविलेली विषमता लगेच गेली नाही. पलीकडे रेल्वे, गिरण्या व शाळा लवकर आल्या. अलीकडे त्या पुष्कळ उशिरा पोहोचल्या. १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडून येथील हजारो हातांना दिवस काढावे लागले. नंतर चांदणी, खासापूर व सीना-कोळेगाव या प्रकल्पांच्या पाण्यावर काही भागात ऊस वाढला आणि साखर कारखानदारीही आली. पाणी नसलेल्या गावांतून हंगामी स्थलांतर मात्र चालूच राहिले.

परंड्याच्या इतिहासाचा विचार केवळ किल्ल्याच्या अंगाने केल्यास तो जय-पराजयांची यादी ठरतो. रयतेच्या अंगाने पाहता त्यात एक सातत्य दिसते. सत्ता कोणाचीही असो, बाजार, चारा, सोयरीक व देवस्थान यांचा रस्ता सरहद्दीच्या पलीकडे जात होता. तो खुला असताना दोन राजवटींतील अंतर लोकांनी अंगवळणी पाडून घेतले, प्रसंगी त्याचा लाभही घेतला. तो बंद झाला तेव्हा शेजाऱ्याचे परकेपण वाढले आणि हानी प्रथम त्यांची झाली, ज्यांच्याजवळ पलीकडे जाण्याचे दुसरे साधन नव्हते.