डॅशबोर्डातला पाहुणा

गाडीला अपडेट आलं आणि गाण्याचा आवाज बिघडला, ही तक्रार गेल्या काही वर्षांत मित्रांकडून आणि नातेवाइकांकडून इतक्यांदा ऐकली आहे की एकदा यावर सविस्तर लिहायचंच असं ठरवलं होतं. तक्रारी साधारण एकाच वळणाच्या असतात. रात्री गाडी दारात उभी केली तेव्हा सगळं ठीक होतं. सकाळी स्क्रीनवर नवीन आवृत्ती बसवल्याचा निरोप. मग कुणाचा बास गायब, कुणाचा फोन जोडला की आवाज तुटक येतो, तर कुणाची स्क्रीन काळी होते, सुरू होते आणि परत काळी होते. सर्व्हिस सेंटरवाले गाडी तपासतात आणि सांगतात, "सगळे पार्ट ठीक आहेत." बहुतेक वेळा ते खरंही असतं. कुठलीही वायर तुटलेली नसते, स्पीकर फाटलेला नसतो. कुणी गाडीला हातसुद्धा लावलेला नसतो!

हे असं कसं झालं, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल. थोडं म्हणजे नव्वदेक वर्षं.

जून १९३० मध्ये शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी आपल्या स्टुडबेकर गाडीत एक रेडिओ बसवला आणि ती गाडी हाकत थेट अटलांटिक सिटी गाठली. तिथे रेडिओ उत्पादकांचं अधिवेशन भरलं होतं. आत स्टॉल नव्हता, म्हणून गडी गाडी बाहेरच उभी करून रेडिओ मोठ्याने लावून बसला, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडून ऑर्डरी घेऊन परतला. मोटरगाडीतला हा रेडिओ म्हणून त्याचं नाव मोटोरोला. पुढे १९४७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतलं. रेडिओची किंमत होती ११० ते १३० डॉलर, आणि साधी नवी गाडी तेव्हा पाच-सहाशे डॉलरना मिळत असे. म्हणजे प्रकार चैनीचाच.

त्या रेडिओची दुखणीही भारी होती. इंजिनातला प्रत्येक स्पार्क प्लग ठिणगी टाकताना रेडिओ लहरीही फेकतो. त्यामुळे गाडी सुरू केली की गाण्याऐवजी कडकड ऐकू यायची. ती दाबायला प्लगपाशी वेगळे भाग बसवावे लागत. रेडिओच्या बॅटऱ्या पायाखालच्या फळ्यांखाली, एरियल छताच्या कापडात, आणि हे सगळं बसवायला डॅशबोर्ड उचकटावा लागे. गॅल्विन यांनी कर्ज मिळावं म्हणून एका बँकरच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला आणि अर्ध्या तासात गाडीने पेट घेतला, अशी एक गोष्ट सांगतात. कर्ज अर्थातच मिळालं नाही.

पण यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. रेडिओ बिघडला तर गाडी चालायची. गाडी बिघडली तर रेडिओ वाजायचा. (पॅकार्डचा अपवाद सोडून!) रेडिओ गाडीत पाहुणा म्हणून आला होता. त्याची खोली वेगळी, त्याचं दुखणं त्याच्यापुरतं.

पुढची पन्नास वर्षं हा पाहुणा कपडे बदलत राहिला, पण राहिला पाहुणाच. १९५५ मध्ये क्रायस्लर आणि फिल्को यांनी पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा गाडीचा रेडिओ जाहीर केला. त्याच क्रायस्लरने १९५६ च्या गाड्यांमध्ये चक्क रेकॉर्ड प्लेअर दिला. त्याचं नाव हायवे हाय-फाय, आणि तो बनवणारे पीटर गोल्डमार्क म्हणजे लाँगप्ले रेकॉर्ड आणणाऱ्यांपैकी एक. मिनिटाला १६⅔ फेरे घेणाऱ्या खास तबकड्या त्याला लागत. खड्ड्यात सुई उडू लागली आणि काही वर्षांत प्रकरण गुंडाळलं गेलं. मग १९६५ च्या शरदात फोर्डच्या गाड्यांत एट-ट्रॅक टेप आला. त्यानंतर कॅसेट आल्या, १९८४ मध्ये पायोनियरचा गाडीतला सीडी प्लेअर आला.

आपल्याकडे तर वर्षानुवर्षं टेप गाडीबरोबर येतच नसे. गाडी वेगळी घ्यायची, टेप वेगळा घ्यायचा, आणि बसवून देणारा माणूस शोधायचा. चोरीच्या भीतीने समोरची पट्टी काढून खिशात घालून घरी आणायची, हेही अनेकांनी केलं असेल. बिघडला तर चार स्क्रू काढून टेप बाहेर, दुसरा आत. हेड खराब झालं, बेल्ट सैल झाला, फ्यूज उडाला. दुखण्याला नाव होतं, जागा होती, आणि ते दुरुस्त करणाऱ्या माणसाला चेहरा होता.

मग भिंत पडली.

१९८६ मध्ये बॉश कंपनीने कॅन नावाची पद्धत जाहीर केली. तोवर गाडीतल्या प्रत्येक कामाला वेगळी वायर लागायची आणि वायरींचा भारा वाढतच चालला होता. कॅनमध्ये दोन तारांची एकच सामाईक वाट असते. इंजिन, ब्रेक, दिवे, काचा यांचे छोटे संगणक त्याच वाटेवर आपापले निरोप टाकतात आणि ज्याला हवा तो उचलतो. वायरी कमी झाल्या आणि गाड्या हुशार झाल्या. हळूहळू रेडिओही या गप्पांमध्ये सामील झाला. वेग वाढला की आवाज आपोआप वाढवायचा, तर गाडीचा वेग रेडिओला कळायला नको का? स्टिअरिंगवरच्या बटणांनी गाणं बदलायचं, तर तेही कळायला हवं.

२००१ च्या बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीजपासून मोस्ट नावाची आणखी एक पद्धत आली, खास आवाज आणि चित्रासाठी. यात रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर, सीडी बदलणारं यंत्र हे सगळे प्रकाशतंतूच्या एका वर्तुळात ओवलेले. दिवाळीच्या जुन्या माळेत एक बल्ब गेला की सगळी माळ विझते ना, तसंच इथे. वर्तुळातलं एक उपकरण गेलं की सगळीकडे शांतता.

शेवटी रेडिओच्या जागी मोठी स्क्रीन आली आणि नकाशा, एसी, फोन, मागचा कॅमेरा सगळं तिच्यात गेलं. अमेरिकेत १ मे २०१८ पासून प्रत्येक नव्या गाडीला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला आणि त्याचं चित्र बहुतेक गाड्यांत त्याच स्क्रीनवर दिसतं. पाहुणा आता घरातला कारभारी झाला होता, किल्ल्यांच्या जुडग्यासकट.

याचा अर्थ काय, ते जगाला जुलै २०१५ मध्ये कळलं. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलसेक या दोन संशोधकांनी घरी बसून, इंटरनेटवरून, सेंट लुईसजवळच्या हायवेवर धावणाऱ्या एका जीप चेरोकीचा ताबा घेतला. गाडीत अँडी ग्रीनबर्ग हा पत्रकार होता. त्याला धोक्याची आधी कल्पना होती, पण नेमकं काय होणार हे माहीत नव्हतं. रेडिओ अचानक पूर्ण आवाजात सुरू झाला. त्याने बटण फिरवलं, दाबलं, काही उपयोग नाही. नंतर हायवेवरच गाडीची ताकद काढून घेतली गेली. ते शिरले होते ते रेडिओच्या दारातून. कंपनीने १४ लाख गाड्या परत बोलावल्या आणि मालकांना सुधारलेलं सॉफ्टवेअर यूएसबी ड्राइव्हवर पोस्टाने पाठवलं.

अपडेट हा शब्द म्हणूनच चैनीचा राहिला नाही. दार उघडं आहे हे कळल्यावर कडी लावायला कुणीतरी यायलाच हवं. पण कडी लावायला येणारा माणूस कधीकधी घरातलं सामानही पाडतो.

जून २०१६ मध्ये अमेरिकेतल्या २०१४ ते २०१६ च्या अनेक लेक्सस गाड्यांच्या स्क्रीन एकदम वेड्यासारख्या बंद-चालू होऊ लागल्या. रेडिओ, नकाशा, कॅमेरा, सगळंच गेलं. कारण? वाहतूक आणि हवामानाची माहिती पुरवणाऱ्या सेवेकडून सदोष माहिती प्रसारित झाली आणि गाडीतल्या संगणकाला ती पचली नाही. उपाय असा की सिस्टिम सक्तीने रीसेट करायची आणि ती माहिती पुसून टाकायची. काहींनी बॅटरीची वायर काढून परत लावली.

फेब्रुवारी २०१८ मध्ये फियाट क्रायस्लरच्या युकनेक्टचं एक अपडेट हवेतून आलं, आणि अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या मालकांची स्क्रीन मिनिटा-मिनिटाने बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागली. हीच ती कंपनी, तीन वर्षांपूर्वी पोस्टाने कडी पाठवणारी.

तिसरी गोष्ट सिएटलची आणि माझ्या सगळ्यात आवडीची. जानेवारी २०२२ च्या अखेरीस तिथल्या काही माझदा गाड्यांचे रेडिओ ९४.९ या एकाच स्टेशनवर अडकून पडले. ते तिथलं सार्वजनिक रेडिओ केंद्र, केयूओडब्ल्यू. हल्ली स्टेशनं आवाजाबरोबर छोटी चित्रंही पाठवतात. या केंद्राने पाठवलेल्या काही चित्रांच्या फाइलींच्या नावाला शेपूट नव्हतं, म्हणजे टिंबानंतरची ती तीन-चार अक्षरं. २०१४ ते २०१७ च्या, जुनं सॉफ्टवेअर असलेल्या गाड्यांना ते झेपलं नाही, आणि स्क्रीन सतत नव्याने सुरू होत राहिल्या. नवा भाग घालायचा खर्च सुमारे १५०० डॉलर सांगितला जात होता. पुढे कंपनीने तो फुकट बदलून द्यायचं ठरवलं. म्हणजे इथे अपडेट नव्हतं म्हणून घोटाळा! अपडेट वाईट असं सरसकट म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

आता नुसत्या आवाजाकडे येऊ. अपडेटनंतर स्क्रीन ठीक चालते, पण गाणं पूर्वीसारखं लागत नाही, हे कसं? आजच्या गाडीत स्पीकर काय वाजवतो हे बरंचसं आकड्यांच्या तक्त्यावर ठरतं. कुठल्या स्पीकरला किती खर्ज, कुणाला किती मिलिसेकंद उशीर, वेगानुसार किती आवाज. हा तक्ता गाडीच्या आतला आकार, आसनं, काचा बघून इंजिनिअरांनी कान लावून जुळवलेला असतो. तो बदलला किंवा मूळ पदावर गेला, की तोच स्पीकर निराळा वाजतो. अ‍ॅम्प्लिफायर हा वेगळा संगणक असेल आणि एकाचं अपडेट झालं, दुसऱ्याचं राहिलं, तर दोघांचं बोलणं जुळत नाही. फोनचं सॉफ्टवेअर बदललं तरी ब्लूटूथवर हेच होऊ शकतं. म्हणून पार्ट ठीक असतात आणि गाणं बिघडलेलं असतं.

न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. फेब्रुवारी २०२२ मध्ये टेस्लाने अमेरिकेत ८ लाख १७ हजार गाड्यांचा रिकॉल केला, कारण सीटबेल्ट न लावल्याची घंटी काही वेळा वाजतच नव्हती. तो दोष सॉफ्टवेअरचा आणि दुरुस्ती हवेतून. कुणाला गॅरेजमध्ये जावं लागलं नाही. २०२३ मध्ये फोर्डने आपल्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांतून एएम रेडिओ काढला होता. ओरड झाली, कारण अमेरिकेत आणीबाणीच्या सूचना एएमवरून दिल्या जातात. मे महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला आणि ज्या गाड्यांत एएम नव्हता त्यांना तो सॉफ्टवेअर अपडेटने परत द्यायचं जाहीर केलं. इलेक्ट्रिक गाड्यांत एएमची अडचण काय, तर मोटरच्या विजेची खरखर. १९३० च्या ठिणगीची ही नात!

या सगळ्याशी आपलाही संबंध आहे. चाकणला हरमनच्या कारखान्यात गाड्यांच्या याच यंत्रणा बनतात, आणि केपीआयटीसारखी पुण्याची कंपनी जगभरच्या गाड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. आपल्यातल्या कुणाचा तरी भाचा, कुणाची तरी सून तिथे रात्री जागून चाचण्या घेत असते. त्यामुळे "कुणीतरी मूर्खाने केलं" असं म्हणून मोकळं होता येत नाही. लाखो गाड्या, शेकडो फोन आणि प्रत्येकाची वेगळी आवृत्ती, यातला प्रत्येक जोड तपासणं खरंच अवघड आहे.

मला खटकतं ते वेगळंच. संयुक्त राष्ट्रांचा गाड्यांच्या सॉफ्टवेअर अपडेटबद्दलचा नियम, क्रमांक १५६, जानेवारी २०२१ मध्ये लागू झाला. युरोपात जुलै २०२४ पासून तो सगळ्या नव्या गाड्यांना बंधनकारक आहे. अपडेट कशासाठी आहे, काय बदलणार, किती वेळ लागणार हे चालकाला आधी सांगायचं. अपडेट अर्धवट राहिलं तर गाडी जुन्या आवृत्तीवर किंवा सुरक्षित स्थितीत गेली पाहिजे. चांगला नियम आहे. पण तो फसलेल्या अपडेटची काळजी घेतो. जे अपडेट नीट बसलं आणि तरीही ज्याने तुमचं गाणं बिघडवलं, ते कागदोपत्री यशस्वीच असतं. तिथे मागे जायचा रस्ता मालकाच्या हातात बहुधा नसतोच. टेप आवडला नाही तर आपण जुना परत बसवत होतो. आवृत्ती आवडली नाही तर पुढच्या आवृत्तीची वाट बघायची.

सुरक्षेचं अपडेट थांबवू नये, हे मला मान्य आहे. पण ब्रेकचं आणि बासचं अपडेट एकाच गाठोड्यात का यावं? कडी बदलायला आलेल्याने दिवाणखान्यातलं सामान हलवलं, तर निदान ते जागेवर ठेवायची सोय हवी. ही मागणी काही फार मोठी नाही.

तोवर आपल्या हातात आहे तेवढं करावं. अपडेटच्या आधी आवाजाच्या सेटिंगच्या स्क्रीनचा आणि आवृत्तीच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा. नंतर बिघाड वाटला तर आधी सिस्टिम पुन्हा सुरू करावी, फोनची जोडणी पुसून नव्याने करावी, आणि यूएसबी, रेडिओ, ब्लूटूथ तिन्हींवर ऐकून बघावं. एकावरच बिघाड असेल तर दोष स्पीकरचा नाही, हे तिथेच कळतं. आणि सर्व्हिस सेंटरला "आवाज बरा नाही" असं न सांगता "अमुक तारखेला अमुक आवृत्ती आली, तेव्हापासून अमुक गाण्यात खर्ज येत नाही" असं लिहून द्यावं. दुखण्याला नाव आणि तारीख दिली की निदान ते कुणाच्या तरी यादीत तरी जातं.