गुग्गुळ: सुश्रुत, ससे आणि बाबांची गोळी

बोरिवलीच्या आमच्या घरी बाबांच्या स्टॅटिनच्या गोळ्यांशेजारी परवा गुग्गुळाची डबी दिसली. "आयुर्वेदिक आहे रे, बाधत नाही," आई म्हणाली. म्हटलं, आधी हिस्ट्री बघू.

1966 साली बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतल्या मेदरोगाच्या वर्णनावरून सशांना गुग्गुळ दिला. कोलेस्टेरॉल उतरलं! पुढे लखनौच्या सीडीआरआयनं त्यातून 'गुगुलिपिड' बनवलं आणि 1980च्या दशकात मुंबईच्या सिप्लानं ते बाजारात आणलं. भारतातल्या चाचण्यांचे निकालही चांगले होते.

मग 2003 मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचा निकाल आला. 103 जण, आठ आठवडे. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 5 टक्क्यांनी उतरलं. गुग्गुळवाल्यांचं 4-5 टक्क्यांनी चढलं. काहींच्या अंगावर पुरळही उठलं.

सुश्रुत चुकले का? तसं नाही. त्यांनी एलडीएल मोजलं नव्हतं, आणि त्यांच्या रुग्णांच्या हातात स्टॅटिनही नव्हतं. दोन्ही एकत्र घ्यायचा प्रश्न आपल्या काळातला आहे.

म्हणून डबी फेकली नाही. बाबांचं गुग्गुळ थांबवलंय, स्टॅटिन चालू आहे, आणि पुढच्या तपासणीला डबी डॉक्टरांसमोर ठेवणार आहोत. तुमच्या घरातही अशी एखादी डबी असेल, बघा जरा.